असतील त्या वाद्यांचा मेळ

१८५४ सालच्या मे महिन्यातील गोष्ट. क्रिमियाच्या युद्धासाठी निघालेले ब्रिटिश सैन्य तुर्कस्तानात स्कुटारी येथे तळ ठोकून होते. राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवसानिमित्त तेथे मोठे संचलन झाले आणि सुमारे वीस पलटणींच्या बँडनी एकाच वेळी राष्ट्रगीत वाजविण्यास आरंभ केला. गीत एकच होते. पण प्रत्येक बँडमास्तराने ते आपापल्या मगदुराप्रमाणे बसविलेले. कोणाची पट्टी एक, तर कोणाची दुसरी. कोणाच्या वाद्यांचा मूळ सूरच किंचित चढा. परिणामी राणीच्या सन्मानार्थ त्या दिवशी जो कल्लोळ उठला, त्याची आठवण ब्रिटिश सैन्यात पुढे दीर्घकाळ सांगितली जात असे. ड्यूक ऑफ केंब्रिज यांनी पुढाकार घेऊन १८५७ साली लंडनजवळ नेलर हॉल येथे लष्करी संगीताची शाळा सुरू केली. त्यामागे जी कारणे दिली जातात, त्यांत स्कुटारीच्या या फजितीचा उल्लेख हमखास असतो. ही शाळा २०२१ पर्यंत त्याच वास्तूत होती.

या फजितीत दोष वादकांचा नव्हता. दोष होता तो त्यांच्यापुढील कागदाचा. तोवर बँडसाठी छापील संगीत फारसे मिळतच नसे. बँडमास्तर हा बहुधा पलटणीच्या अधिकाऱ्यांनी पदरचे पैसे देऊन आणलेला जर्मन किंवा इटालियन गृहस्थ असे. आपल्या हाताखालील वादक पाहून तो स्वतःच प्रत्येक वाद्याचा पार्ट लिहून काढी आणि ही हस्तलिखिते जिवापाड जपे. मास्तर गेला की संगीतही गेले. १८४५ च्या सुमारास कार्ल बूसे नावाच्या बँडमास्तराने लंडनमध्ये बँडसाठी तयार पार्टांचे नियतकालिक काढले, तेव्हा कोठे ‘सर्वांनी एकाच कागदावरून वाजवावे’ ही कल्पना रुजू लागली. छापील संगीताने बँडला शिस्त लावली, हे खरे. पण त्याच शिस्तीने एक नवी अडचणही जन्माला घातली. छापील कागद हा कोणत्या तरी काल्पनिक, परिपूर्ण बँडसाठी लिहिलेला असतो. प्रत्यक्षातला बँड तसा क्वचितच असतो. गेल्या काही वर्षांत ‘फ्लेक्सिबल’ म्हणजे लवचिक संयोजनांची जी लाट पाश्चात्त्य देशांत व जपानात आली आहे, तिचे मूळ या तफावतीत आहे.

संयोजन म्हणजे काय, हे मराठी रसिकाला वेगळे सांगावयास नको. हिंदी चित्रपटांच्या श्रेयनामावलीत संगीतकाराच्या नावापाठोपाठ येणारी संयोजकांची नावे अनेकांना पाठ असतात. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड अशी ही मंडळी मूळची गोव्याची. पोर्तुगीज राजवटीत चर्चशी जोडलेल्या शाळांतून स्वरलेखन वाचण्याचे शिक्षण मिळत असे. त्या पायावर या वादकांनी मुंबईच्या स्टुडिओंत आपले स्थान निर्माण केले. संगीतकार चाल देई. ती व्हायोलिनने कोठे उचलावी, ट्रम्पेटने कोठे उत्तर द्यावे, खालचा आधार कोणी धरावा, हे ठरवून प्रत्येक वादकाच्या हाती कागद देण्याचे काम संयोजकाचे असे. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधील गाण्यात अँथनी गोन्साल्विस हे नाव आले, ते प्यारेलाल यांनी आपल्या व्हायोलिनच्या गुरूला केलेले वंदनच होते. बँडसाठी संयोजन करणारा नेमके हेच काम करतो. फरक इतकाच की, स्टुडिओतील संयोजकाला समोर कोण बसणार आहे हे ठाऊक असते. छापील संगीत लिहिणाऱ्याला मात्र आपला कागद कोणत्या गावातील, कोणत्या शाळेतील बँडपुढे उघडला जाईल, याची सुतराम कल्पना नसते.

कॉन्सर्ट बँड म्हणजे रस्त्याने चालत वाजविणारा बँड नव्हे. खुर्च्यांवर बसून, सभागृहात श्रोत्यांसमोर वाजविणारा हा वाद्यवृंद. त्यात व्हायोलिनसारखी तंतुवाद्ये जवळजवळ नसतात. फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, बसून, सॅक्सोफोन, ट्रम्पेट, फ्रेंच हॉर्न, ट्रॉम्बोन, युफोनियम, ट्युबा ही फुंकून वाजविण्याची वाद्ये आणि जोडीला तालवाद्ये. चांगल्या भरलेल्या बँडमध्ये पन्नास-साठ वादक सहज असतात. एकट्या क्लॅरिनेटचे तीन निरनिराळे पार्ट, हॉर्नचे चार, ट्रॉम्बोनचे तीन, असे मिळून एका रचनेच्या पाकिटात तिसाहून अधिक वेगवेगळे पार्ट निघतात. अमेरिकेत शाळाशाळांतून असे बँड आहेत आणि त्यांच्यासाठी दरवर्षी नव्या संगीताचा मोठा व्यापार चालतो. प्रकाशक रचनांना काठिण्याप्रमाणे बहुधा एक ते सहा अशा श्रेणी देतात. शिकागो येथे दर डिसेंबरात भरणाऱ्या ‘मिडवेस्ट क्लिनिक’ या मेळाव्यात शिक्षक ही नवी पाकिटे चाळून पाहतात.

या पाकिटातील पार्ट एकमेकांना सहज देता येत नाहीत, ही गोष्ट बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. ओबोवाला आला नाही, तर त्याचा कागद क्लॅरिनेटवाल्यापुढे ठेवावा, इतके ते सोपे नाही. आपल्याकडील पेटीच्या भाषेत सांगायचे, तर यातील अनेक वाद्यांचा ‘सा’ जन्मतःच निरनिराळ्या पट्टीत बांधलेला असतो. कागदावर जो स्वर ‘सी’ म्हणून लिहिलेला असतो, तो फ्लूटवर वाजविला की पांढरी एक ऐकू येते. तोच कागद पाहून नेहमीच्या क्लॅरिनेटवर किंवा ट्रम्पेटवर तोच स्वर वाजविला, तर काळी पाच निघते. आल्टो सॅक्सोफोनवर काळी दोन, तर फ्रेंच हॉर्नवर पांढरी चार. म्हणून प्रत्येक वाद्याचा पार्ट त्याच्या पट्टीप्रमाणे सरकवून वेगळा लिहावा लागतो. त्यातून ट्रॉम्बोन व ट्युबावाले खालच्या स्वरांची वेगळी चिन्हपद्धती वाचतात. युरोपातील काही देशांत तर ट्रॉम्बोनवादकही ट्रम्पेटच्या पद्धतीनेच वाचावयास शिकलेले असतात. मुरलेला वादक वाचता वाचता मनातल्या मनात पट्टी बदलू शकतो. पण बारा वर्षांच्या मुलाकडून ती अपेक्षा कशी ठेवावी?

आता एखाद्या लहान गावातील बँडचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. फ्लूट वाजविणाऱ्या पाच मुली, क्लॅरिनेट दोन, आल्टो सॅक्सोफोन चार (हे वाद्य मुलांना फार आवडते), ट्रम्पेट तीन, ट्रॉम्बोन एक, ट्युबा एक. हॉर्न नाही, ओबो नाही, बसून नाही. अशा बँडने साठ वादकांसाठी लिहिलेली रचना घेतली की, मध्येच चार-चार मात्रा शांतता पसरते. तेथे हॉर्नचे वादन असते, आणि हॉर्न तर नाहीच. दोन क्लॅरिनेटवाल्यांपैकी एकाने पहिला पार्ट घेतला व दुसऱ्याने दुसरा, तर तिसऱ्या पार्टातील स्वर कोणीच वाजवीत नाही आणि स्वरसंवादाचा एक पायच निखळतो. मुले मन लावून वाजवितात. पण जे ऐकू येते, ते दात पडलेल्या तोंडातील बोलण्यासारखे. वाईट याचे वाटते की, मुलांना हा दोष आपलाच वाटू लागतो.

यावर जुना उतारा होता तो ‘क्यू’ लिहिण्याचा. ओबोचे एकट्याचे वादन असेल, तेथे ट्रम्पेटच्या पार्टात तेच स्वर बारीक टाइपात छापलेले असत. ओबोवाला नसेल, तर ट्रम्पेटवाल्याने ते उचलावे. ही सोय उपयोगी खरी. पण ती एखाद-दुसऱ्या गैरहजेरीपुरती. अर्धा बँडच नसेल, तेथे ठिगळे लावून किती लावणार?

लवचिक संयोजनात विचाराची दिशाच उलटी केलेली असते. येथे संयोजक वाद्यांपासून सुरुवात करीत नाही, स्वरांच्या थरांपासून करतो. संपूर्ण रचना चार किंवा पाच थरांत बांधली जाते. वरचा थर बहुधा मुख्य चालीचा, सर्वांत खालचा आधाराचा आणि मधले दोन-तीन थर स्वरसंवादाचे व प्रतिचालीचे. मग प्रत्येक थर निरनिराळ्या पट्ट्यांत सरकवून छापला जातो. पहिला थर फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, ट्रम्पेट यांपैकी कोणीही घ्यावा. तिसरा आल्टो सॅक्सोफोनने, हॉर्नने किंवा टेनर सॅक्सोफोनने घ्यावा. पाचवा ट्युबाने, बॅरिटोन सॅक्सोफोनने, बास क्लॅरिनेटने किंवा अगदी कोपऱ्यात पडलेल्या डबल बासनेही. पाच थर भरले की संगीत पूर्ण झाले. मग वादक पाच असोत वा पन्नास.

कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात ते करताना संयोजकाची कसोटी लागते. एकाच ओळीत फ्लूट आणि ट्रम्पेट या दोघांना बसवायचे, तर अडचण अशी की, फ्लूटचे खालचे स्वर जात्याच दुबळे आणि ट्रम्पेटचे वरचे स्वर नवशिक्याच्या ओठांना न पेलणारे. ओबोचे खालचे स्वर उलट भसाडे व मोठे निघतात. क्लॅरिनेटवर मधोमध एक उंबरठा आहे. तो ओलांडताना जवळजवळ सगळी बोटे एकदम ठेवावी लागतात आणि शिकाऊ वादक तेथे हमखास अडखळतो. या सर्वांना झेपेल अशी जागा शोधत गेले की, संयोजकाच्या हाती उरते जेमतेम सव्वा-दीड सप्तक. त्यात चाल रंजक राहिली पाहिजे आणि मधल्या थरांनाही काही म्हणावयास मिळाले पाहिजे. काही संयोजक फ्लूटचा कागद एक सप्तक वर सरकवून थोडी सुटका करून घेतात. पट्टीची निवड हा आणखी एक पेच. बँडमधील बहुतेक पितळी वाद्ये काळी पाचशी नाते सांगणारी, त्यामुळे बँडच्या आवडत्या पट्ट्या काळी पाच, काळी दोन, पांढरी चार अशा. व्हायोलिनच्या मोकळ्या तारा मात्र पांढरी दोन, तीन, पाच व सहा या स्वरांत लागतात आणि त्यांना रुचणाऱ्या पट्ट्या अगदी दुसऱ्या टोकाच्या. लहान शाळेत चार व्हायोलिनवादक आणि सहा बँडवादक एकत्र बसवायचे ठरले की, कोणी तरी एकाने गैरसोय सोसायची, हे ठरलेलेच.

मधल्या थरांबद्दल थोडे अधिक सांगणे अवश्य आहे, कारण वाईट लवचिक संयोजन ओळखण्याची खूण तेथेच सापडते. पहिल्या थराला चाल आणि उरलेल्या चारांना लांबलचक धरलेले स्वर, असे लिहिणारे बरेच असतात. ते काम पटकन होते. पण चौथ्या थराचा ट्रॉम्बोनवादक मग पूर्ण तालीमभर चार मात्रांचा एकेक स्वर धरून बसतो आणि महिन्याभराने येईनासा होतो. चांगला संयोजक चाल फिरवितो. एकदा ती तिसऱ्या थराकडे सोपवितो, एखाद्या कडव्यात पाचव्यालाही देतो. ज्या बँडमध्ये ट्युबा वाजविणारा मुलगा एकटाच आहे, तेथे हा निर्णय केवळ सौंदर्यदृष्टीचा राहत नाही.

हा प्रकार नव्या जमान्यातील तडजोड आहे, असे मानणारे पुष्कळ आहेत. इतिहास मात्र वेगळेच सांगतो. १५५१ साली अँटवर्प येथे टिल्मन सुसाटो या प्रकाशकाने नृत्यसंगीताचे एक पुस्तक छापले. त्यातील नृत्ये चार थरांत लिहिलेली आहेत आणि कोणता थर कोणत्या वाद्याने वाजवावा, याचा निर्देशच नाही. ती सर्व वाद्यांवर वाजविण्याजोगी आहेत, अशी ग्वाही मुखपृष्ठावरच दिलेली आहे. त्या काळी ज्याच्या घरी जे वाद्य असेल, ते घेऊन माणसे एकत्र बसत. अमुक स्वर अमुक वाद्यानेच वाजला पाहिजे, हा आग्रह मागाहून आला. साचेबंद वाद्यसंख्येचा बँड तर फार अलीकडचा. अमेरिकेत एडविन फ्रँको गोल्डमन यांच्या पुढाकाराने १९२९ साली बँडमास्तरांची संघटना स्थापन झाली. देशोदेशीच्या बँडची वाद्यरचना एकसारखी व्हावी, हा तिच्या उद्दिष्टांपैकी एक होता. म्हणजे त्या वेळीही ती एकसारखी नव्हती.

कॉन्सर्ट बँडच्या दुनियेत ज्या रचनेला आद्य अभिजात कृतीचा मान दिला जातो, ती म्हणजे गुस्ताव होल्स्ट यांची १९०९ सालची ‘फर्स्ट सूट इन ई-फ्लॅट’. होल्स्ट यांचे नाव भारतीय वाचकाला आणखी एका कारणासाठी जवळचे वाटावे. ऋग्वेदातील सूक्तांना चाली देण्यासाठी हा इंग्रज गृहस्थ संस्कृत शिकला होता आणि सावित्रीच्या कथेवर त्याने एक छोटा ऑपेराही लिहिला. हातातील दुखण्यामुळे पियानो सोडावा लागल्यावर त्यांनी ट्रॉम्बोन वाजवून पोट भरले. पुढे दीर्घकाळ ते एका मुलींच्या शाळेत आणि लंडनच्या मॉर्ली कॉलेजात शिकवीत राहिले. हे कॉलेज दिवसभर नोकरी करून संध्याकाळी शिकावयास येणाऱ्या कष्टकऱ्यांचे. तेथे १९११ साली त्यांनी हेन्री पर्सेल यांचा ‘द फेअरी क्वीन’ हा विस्मृतीत गेलेला ऑपेरा बसविला. त्यासाठी २८ विद्यार्थ्यांनी फावल्या वेळात सुमारे दीड वर्ष खपून १५०० पाने हाताने उतरवून काढली. कोणते वादक येतील, कोणते येणार नाहीत, याचा रोजचा हिशेब ज्याला करावा लागतो, अशा माणसाची दृष्टी होल्स्ट यांच्या ‘फर्स्ट सूट’मध्ये उतरली आहे. तिच्या अनेक पार्टांवर त्यांनी स्वतःच ‘असल्यास वाजवावा’ अशा अर्थाची सूचना लिहून ठेवली. १९२० साली नेलर हॉल येथे झालेल्या तिच्या पहिल्या नोंदलेल्या जाहीर वादनात १६५ वादक होते. पण वीसेक वादकांतही ती उभी राहू शकते. हे शक्य होते, कारण तिचा पहिला भाग खालच्या स्वरांत आरंभी येणाऱ्या एकाच आठ मात्रागटांच्या सुरावटीवर रचलेला आहे. युफोनियम व ट्युबा ती सुरावट मांडतात आणि मग ती वाद्यावाद्यांतून फिरत राहते. सांगाडा इतका भक्कम असला की, एखादी वीट निघाली तरी इमारत डगमगत नाही.

होल्स्ट यांनी जे व्यवहारातून केले, त्याला तत्त्वाचे रूप दिले ते पर्सी ग्रेंजर यांनी. ऑस्ट्रेलियात जन्मलेला हा विक्षिप्त प्रतिभावंत नामांकित पियानोवादक होता. पण १९१७ साली अमेरिकी सैन्याच्या बँडमध्ये तो साधा वादक म्हणून सॅक्सोफोन घेऊन दाखल झाला. तेथे बँडचे अंतरंग त्याने जवळून पाहिले. १९२९ साली हौशी व शालेय वाद्यवृंदांच्या संचालकांना उद्देशून लिहिलेल्या निवेदनात त्याने ‘इलॅस्टिक स्कोअरिंग’ म्हणजे लवचिक वाद्ययोजनेची कल्पना मांडली. संगीताचा प्राण स्वरांच्या परस्परसंबंधांत आहे. ते संबंध शाबूत राहिले आणि प्रत्येक थराचा आवाज समतोल राहिला, तर वाद्य कोणते आहे, हे दुय्यम ठरते. तीन-चार वाद्यांपासून भरगच्च वाद्यवृंदापर्यंत कोणीही ती रचना वाजवावी, असे त्याचे म्हणणे. यामागे एक सामाजिक दृष्टीही होती. ज्यांना वाद्यवृंदात सहसा प्रवेश मिळत नाही, अशा सॅक्सोफोन, गिटार, हार्मोनियम वाजविणाऱ्यांनाही आत घ्यावे, असे त्याला वाटे. आपल्याकडे एकेकाळी आकाशवाणीवर बंदी सोसलेल्या हार्मोनियमला हा ऑस्ट्रेलियन गृहस्थ मानाने बोलावीत होता, हे वाचून गंमत वाटते.

पण काळाचा कल दुसरीकडे होता. १९५२ साली रॉचेस्टर येथील ईस्टमन स्कूलमध्ये फ्रेडरिक फेनेल यांनी ‘विंड एन्सेंबल’ उभा केला. एका पार्टाला एकच वादक, हे त्याचे सूत्र. गर्दी गेली, प्रत्येक वाद्याचा रंग स्वच्छ दिसू लागला आणि संगीतकार त्या रंगांसाठी लिहू लागले. बँडसंगीताची प्रतिष्ठा वाढली, यात शंका नाही. मात्र त्याबरोबर प्रत्येक वादक अपरिहार्य झाला. एक बसूनवादक आजारी पडला की रचना लंगडी. ज्या संस्थांत हव्या त्या वाद्याचा विद्यार्थी मिळू शकतो, तेथे हे चालून गेले. लहान गावांच्या वाट्याला ते संगीत आले नाही.

लवचिक संयोजनांची मागणी पुन्हा वाढली, ती कलेच्या नव्हे, तर लोकसंख्येच्या कारणाने. युरोपात गावोगावच्या हौशी बँडमधून तरुण शहराकडे निघून जाऊ लागले. तेथील प्रकाशकांनी चार-पाच थरांच्या मालिका काढल्या व त्यांत देशोदेशीच्या वाचनपद्धतींप्रमाणे जादा पार्ट घातले. जपानात ही निकड अधिक तीव्र आहे. शाळा सुटल्यावर चालणारे बँड हे तेथील शालेय जीवनाचे एक मोठे अंग. पण १९७३ साली वर्षाला सुमारे २१ लाख मुले जन्माला घालणाऱ्या त्या देशात २०१६ साली हा आकडा प्रथमच दहा लाखांखाली गेला. जेथे पूर्वी पन्नास मुलांचा बँड होता, तेथे बारा-पंधरा मुले उरली. वाद्यांच्या खोलीत ट्युबा आहे, पण ती उचलणारे कोणी नाही. अशा शाळेला साठ वादकांचे पाकीट निरुपयोगी; पाच किंवा आठ थरांचा कागद मात्र बँड चालू ठेवू शकतो.

मग २०२० साल उजाडले. करोनाच्या साथीत फुंकून वाजविण्याची वाद्येच संशयाच्या भोवऱ्यात सापडली. वाद्यातून किती बारीक तुषार हवेत जातात, याचे मोजमाप कोलोरॅडो व मेरिलँड येथील विद्यापीठांत झाले. वाद्यांच्या तोंडांना कापडी आच्छादने आली, खुर्च्यांत अंतर आले, वर्गाचे तुकडे पडले. आज तालमीला कोण असेल, हे सकाळपर्यंत कळेनासे झाले. तेव्हा रॉबर्ट अँब्रोज, फ्रँक टिचेली, स्टीव्हन ब्रायंट आदी संचालक व संगीतकारांनी एकत्र येऊन ‘क्रिएटिव्ह रेपर्टुआर इनिशिएटिव्ह’ हा उपक्रम सुरू केला आणि नामवंत रचनाकारांना लवचिक संगीत लिहिण्याचे आवाहन केले. एरवी ज्यांच्या रचनांत एकेका वाद्याचा रंग काटेकोर ठरलेला असे, तेच आता ‘कोणीही वाजवा’ अशा रचना लिहू लागले. काहींनी तर थरही सोडले आणि छोट्या छोट्या स्वरवाक्यांची साखळी देऊन प्रत्येकाने आपल्या गतीने पुढे सरकावे, अशी मुभा दिली. या वाटेवरील आद्य रचना म्हणजे टेरी रायली यांची १९६४ सालची ‘इन सी’. तिच्यात ५३ स्वरवाक्ये आहेत आणि वाद्यांचे बंधन मुळीच नाही. हेच रायली पुढे किराणा घराण्याचे गायक पंडित प्राणनाथ यांचे शिष्य झाले.

साथ ओसरली, तरी ही पाकिटे प्रकाशकांच्या यादीतून गेली नाहीत. त्यांच्यावरील आक्षेपही गेले नाहीत, आणि ते सर्वस्वी निराधार नाहीत. क्लॅरिनेटचा खालचा, लाकडी, किंचित गंभीर आवाज आणि ट्रम्पेटचा झळाळता आवाज यांना एकाच ओळीत बांधले की, दोघांचेही वेगळेपण बोथट होते. सगळे वादक सगळा वेळ वाजवीत राहतात. कारण कोणाला गप्प बसविले आणि नेमका तोच तो थर धरणारा एकमेव वादक निघाला तर? त्यामुळे संगीतातील मोकळी हवा कमी होते. कित्येक लवचिक रचना म्हणूनच पहिल्या मात्रेपासून अखेरपर्यंत एकाच जाडीच्या वाटतात. लवचिकतेचा हा मोबदला आहे, आणि तो मान्य केलेला बरा. जो बँड पूर्ण आहे, त्याने पाच थरांच्या संगीतावर समाधान मानण्याचे कारण नाही.

दुसरा प्रश्न कायद्याचा. बँडमास्तराने स्वतःच बसून गाळलेल्या वाद्यांचे स्वर दुसऱ्याला लिहून का देऊ नयेत, असे कोणी विचारील. अनेक जण देतातही. परंतु संगीतरचनेचे संयोजन करण्याचा हक्क मूळ हक्कधारकाकडे असतो. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही संगीतकृतीचे संयोजन ‘रूपांतर’ या व्याख्येत धरलेले आहे. जुन्या, हक्कमुक्त रचनांना ही अडचण नाही. नव्या गाण्यांच्या बाबतीत मात्र छापील लवचिक पाकीट विकत घेणे, हाच सरळ मार्ग उरतो.

महाराष्ट्रातील लग्नाच्या बँडला यातील कोणतीच चिंता नसते. तेथे बहुतेक वादक कानाने शिकलेले. क्लॅरिनेट किंवा ट्रम्पेट चाल धरतो, बाकीचे तीच चाल आपापल्या सप्तकात वाजवितात आणि चार जण कमी आले, तरी वरात थांबत नाही. ही लवचिकता अस्सल आहे. पण ती एकाच चालीची आहे. निरनिराळे थर एकमेकांत गुंफायचे ठरले की, कागद आलाच, आणि कागद आला की कोण हजर आहे, हा प्रश्न आला. पोलीस, नौदल व लष्कराच्या बँडसाठी भारतीय चालींचे संयोजन करणाऱ्यांना हा प्रश्न रोजच भेटतो. त्यांच्याकडे निदान वादकांची नेमणूक शासन करते. शाळा-महाविद्यालयांतील बँडना तेवढीही शाश्वती नसते.

तालीम घेणाऱ्या संचालकाचे काम लवचिक संयोजनामुळे सोपे होते, असेही नाही. ते वेगळे होते. पूर्ण बँडच्या पाकिटात कोणी काय वाजवायचे, हे छापूनच आलेले असते. येथे तो निर्णय त्याचा. अनुभवी संचालक प्रथम पाचवा थर भरतात, मग वर चढतात, कारण पाया दुबळा असला की वरचा सूर कितीही गोड असला, तरी तो अधांतरी वाटतो. चार सॅक्सोफोन असतील, तर दोन तिसऱ्या थरावर, एक दुसऱ्यावर आणि एखादा टेनर असल्यास तो चौथ्यावर, अशी वाटणी होते. सर्वांत बळकट वादक नेहमी पहिल्या थरावर ठेवायचा मोह टाळावा लागतो.

या निर्णयाचे ओझे किती जुने आहे, हे ग्रेंजर यांच्याच ‘लिंकनशायर पोझी’मध्ये दिसते. १९३७ साली बँडमास्तरांच्या संघटनेच्या अधिवेशनासाठी लिहिलेली ही कृती बँडसंगीतातील शिखर मानली जाते. तिच्यातील प्रत्येक वाद्याचा रंग ग्रेंजरने इतका बारकाईने योजला आहे की, ती पाच थरांत कोंबण्याचे धाडस सहसा कोणी करू नये. तरीही तिच्या तिसऱ्या भागाचा आरंभ त्याने दोन प्रकारे लिहून दोन्ही छापले. एकात मुख्य वादन फ्लुगलहॉर्नकडे आहे, दुसऱ्यात सोप्रानो सॅक्सोफोनकडे. समोर कोणता वादक अधिक चांगला बसला आहे, ते पाहून यांपैकी कोणता आरंभ घ्यायचा, हे संचालकाने तालमीआधी ठरवायचे असते.